पुण्यातले तेवीस जण

५ जानेवारी, सोमवार

चिचटोल्यातले तेवीस जण पुण्यात कंपनीत आहेत. ही माहिती गावात लग्नं जुळवणारे परसरामजी यांनी शाळेच्या ओट्यावर बसून दिली आणि नववीच्या एकतीस विद्यार्थ्यांनी घरोघरी विचारून तिला दुजोरा दिला. एकशे बारा घरांच्या गावातून तेवीस. मी खूश आहे. नागरीकरणाचा धडा पुस्तकात काही पानांचा आहे आणि त्यातल्या एकाही पानावर चिचटोला नाही.

मी नऊ वर्षं नागपूरच्या एका दैनिकाचा लाखनीचा वार्ताहर होतो. तालुक्याचं पान बंद झालं तेव्हा एम.ए. भूगोल आणि बी.एड. हे दोन कागद पेटीतून काढले. आता घरापासून आठ किलोमीटरवर, चिचटोल्याच्या हायस्कूलात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवतो. म्हणजे जेवढे तास तेवढा वेळ शिक्षक, उरलेला वेळ नुसता माणूस.

जुनी सवय म्हणून तासाची सुरुवात बातमीने करतो. आज जनगणनेची बातमी वाचली आणि विचारलं, जनगणना कशासाठी करतात? अंकुर म्हणाला, "शिक्षकायले कामाले लावाले, सर." उत्तर चूक म्हणता येईना. म्हणून आमचीच छोटी जनगणना सुरू केली आहे. गावातून कोण कुठे गेलं ते भारताच्या नकाशावर टाचण्या आणि दोऱ्यांनी दाखवायचं. मुख्याध्यापिका शोभाताई मॅडमनी विचारलं, "याचं परिपत्रक आलं आहे का?" मी म्हटलं, "येईल." त्यावर त्या निर्धास्त झाल्या.

तेविसांत एक आमचा आहे. माझी धाकटी बहीण टीना हिचं दिवाळीनंतर चिचटोल्याच्या प्रितमशी जुळलं. परसरामजींनीच जुळवलं. मुलगा पुण्यात सुपरवायझर. ८ फेब्रुवारीला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. बाबांच्या कापड दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला हल्ली कापड नंतर आणि पुणे आधी दाखवलं जातं.

८ जानेवारी, गुरुवार

पुण्याच्या टाचणीवर तेवीस दोरे बांधले तर टाचणीच वाकली. अंकुरने तिथे खिळा ठोकला. नकाशा शाळेचा आहे, मॅडमना अजून माहीत नाही.

बातम्यांची कात्रणं आणायला सांगितली होती. बहुतेकांनी क्रिकेट आणलं. रंजिताने पुण्याच्या वाहतूक कोंडीचं आणलं आणि उभी राहिली.

"सर, हे तेवीस लोकं पुण्यात कुठी राहतात?"

"हिंजवडी लिहिलं आहे ना."

"अकरा जणायच्या घरी हिंजवडी सांगतलं. बाकीच्यायच्या घरी विचारलं तं म्हणतात, पुण्यात. पुण्यात कुठी, तं म्हणतात, कंपनीत. कंपनी कुठी, तं म्हणतात, पुण्यात."

वर्ग हसला. मीही हसलो, पण प्रश्न बातमीदाराचा होता. मग नियम सांगितला. एका माणसाने सांगितलेली गोष्ट ही चर्चा, दोघांनी स्वतंत्रपणे सांगितली तर बातमी. आणि दोघांपैकी एक तरी ज्याच्याबद्दल बोलतोय तो स्वतः किंवा त्याला डोळ्यांनी पाहिलेला हवा. मुलांनी वहीत लिहून घेतलं. मी शिकवलेलं काही त्यांनी न सांगता लिहून घेण्याची ही पहिलीच वेळ.

११ जानेवारी, रविवार

टीना लाखनीतल्या मेडिकलमध्ये काम करते आणि डिसेंबरपासून दर रविवारी भंडाऱ्याला कॉम्प्युटरच्या कोर्सला जाते. आज संध्याकाळी आली तेव्हा अंगाला भाजलेल्या धण्यांचा वास येत होता. बसमध्ये कोणाची तरी पिशवी फुटली असेल. आल्या आल्या आईने सकाळचे पोहे गरम करून दिले, तर एक घास खाऊन म्हणाली, "कोरडे आहेत. अन् हळद आधी पडून राहिली तुझी." आई म्हणाली, कॉम्प्युटरमध्ये आता हेही शिकवतात का.

नकाशासाठी दुकानातून दोऱ्याची रिळं हवी होती. टीनाने निवडून दिली आणि विचारलं, "भाऊ, प्रितमचा दोरा कुठी?"

"पुण्याला. कुठे असणार?"

ती बराच वेळ रीळ गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या नकाशात चूक सापडली तं दोरा सोडता येते का?"

मी तिला दोन स्रोतांचा नियम समजावून सांगितला. तिने लक्ष देऊन ऐकलं. टीनाला भूगोलात रस आहे हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं.

१३ जानेवारी, मंगळवार

तेवीसचे नऊ झाले.

मुलांनी काल-आज घरच्यांच्या मोबाईलवरून सगळ्यांना फोन केले. चौघांच्या मागे तेलुगू ऐकू येत होती, त्यातल्या दोघांनी मिरची तोडायला आल्याचं कबूल केलं. दोन सुरतेला, दोन रायपूरला, दोन नागपूरला. एकाने सांगितलं, मी पुण्यातच आहे, आणि त्याच वेळी मागून चिचटोल्याच्या पाण्याच्या टाकीचा भोंगा वाजला. तपासात असे तिघे घरीच सापडले. एक तर फोन करणाऱ्या मुलीच्या शेजारच्या खोलीत होता.

परसरामजी भेटले. "सर, पोरायले हे का शिकवून राहिले?"

"मानवी भूगोल."

"मंग मानवासारखं शिकवा ना. तीन पोरायची बोलणी चालू हायेत. पोरीवाले विचारतात कुठी असते, मी म्हणतो पुण्यात. पुणे म्हणलं का समोरच्याले बी बरं वाटते, मले बी बरं वाटते. तुम्ही कायले मधात येता?"

गावाचा हा शिष्टाचारच आहे हे आता लक्षात येतंय. मुलगा कुठे असतो या प्रश्नाचं उत्तर पुणे. जसं कसे आहात याचं उत्तर बरा आहे.

प्रितमचा फोन सकाळी लागत नाही आणि दुपारी तो मेसेजला अंगठा पाठवतो. त्याची नोंद 'तपास चालू'.

१६ जानेवारी, शुक्रवार

तास संपल्यावर रंजिता थांबली. तिचे मामा धनीराम भंडाऱ्याच्या पुढे जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आहेत. रोज सकाळी फॅक्टरीची बस लागण्याआधी फाट्यावर पोहे खातात.

"मामा म्हणतात, पोहेवाला आपल्याच गावचा आहे. प्रितम."

"नाव सारखं असेल."

तिने मोबाईलवर फोटो दाखवला. ठेल्यामागे, डोक्याला रुमाल बांधून, एका हातात झारा, पुढ्यात पोह्यांचा गंज, म्हणजे मोठं पातेलं. आमच्याकडे मुलगी पाहायला आला होता तेव्हा याच माणसाने घड्याळ घातलं होतं, एवढाच फरक.

"लावू का दोरा, सर?" तिने विचारलं. "एक मामा, एक फोटो. दोन झाले."

मी म्हटलं सध्या राहू दे. तिने मान डोलावली, पण वहीतला नियम उघडून एकदा पाहिला. मला ते दिसलं.

आठ फेब्रुवारीला तेवीस दिवस आहेत. माझ्या बहिणीला फसवून नेत आहेत आणि हे घरात मला एकट्याला माहीत आहे. सांगितलं तर लग्न मोडेल, आणि बाबा चार दिवस दुकान उघडणार नाहीत. नाही सांगितलं तर टीना पुण्याची बॅग भरून जवाहरनगरच्या फाट्यावर उतरेल. तिच्याकडे पाहवत नाही. ती मात्र आज जेवताना गुणगुणत होती.

प्रामाणिकपणे लिहायचं तर आणखी एक. परसरामजींनी आमच्या बाजूने त्यांना सांगितलं आहे की मुलीचा भाऊ परमनंट शिक्षक आहे. मी खोटं बोललो नाही. मी फक्त त्यांच्या वाक्यात दुरुस्ती केली नाही.

१९ जानेवारी, सोमवार

दुपारच्या सुट्टीत प्रितमच्या घरी गेलो. त्याची आई, कुंताबाई, अंगणात लाखोरीची भाजी खुडत बसल्या होत्या. मी फोटो दाखवला. त्यांनी हात पदराला पुसून मोबाईल घेतला, मुलाचा चेहरा नीट पाहिला आणि म्हणाल्या, "वाळला दिसते."

"कुंताबाई, हा पुण्यात नाही."

"होता ना. चार वर्सं होता. मी खोटं नाई बोलली, सर. मंग वापस आला. वापस आला का, हे कोणी विचारलंच नाई."

"सांगायचं ना पण."

"सांगतलं असतं तं तुमच्या बाबानं पोरगी देल्ली असती?"

त्यांनी मोबाईल परत माझ्या हातात दिला.

"पोहे विकते म्हणलं का लोकं पोराकडं पाहतच नाईत, गंजाकडं पाहतात. तिकडं बारा तास खुर्चीवर बसून दुसऱ्याच्या गेटावर सलाम मारे, तवा सुपरवायझर. इथं सोताच्या गंजात सोता झारा फिरवते, तं पोहेवाला." त्या भाजीकडे वळल्या. मग सहज म्हणाव्या तशा म्हणाल्या, "तुम्ही परमनंट आहा म्हणते परसराम."

"परसरामजी म्हणतात," मी म्हटलं.

"हं."

चहा आला. साखर नेहमीपेक्षा जास्त होती. आम्ही दोघांनी हवापाण्यावर बोलून तो संपवला. निघताना त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी सगळे बरे?" मी म्हटलं, बरे. एवढ्या सभ्यतेने मला याआधी कोणी धमकी दिली नव्हती. ती धमकी होती की नाही हेही नक्की नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

मार्ग सापडला. प्रजासत्ताक दिनाला नकाशा लोकांसमोर लावायचा आहे. त्यावर नावंच नकोत. वर्गाला सांगितलं, आजपासून प्रत्येक माणूस म्हणजे एक क्रमांक. खऱ्या सर्वेक्षणात माहिती देणाऱ्याची ओळख गुप्त ठेवतात. रंजिताला हे पटलं आणि म्हणून तिने प्रितमचा दोरा लावायचा आग्रह धरला. आता कोणाचं नाव नाही, मग अडचण काय? लावला.

तर भारताच्या नकाशावर चिचटोला आणि जवाहरनगर या दोन टाचण्या शेजारी मावेनात. अंतर साठ किलोमीटरच्या आत, नकाशावर नखाएवढंसुद्धा नाही. मी संधी साधून प्रमाण शिकवलं. लहान भाग मोठा करून कोपऱ्यात वेगळी चौकट काढतात, हे फळ्यावर दाखवलं. अंकुरचं अक्षर चांगलं आहे. त्याने भंडारा जिल्ह्याची दोन फुटांची चौकट काढली. त्यात दोरा एकच, त्यामुळे लाल आणि जाड घेतला. 'क्र. १४. जवाहरनगर. नाश्त्याचा ठेला.'

क्रमांक देण्याचं कामही अंकुरनेच घेतलं. "माझ्याजवळ तयारच हायेत सर," म्हणाला. एवढं तत्पर पोरगं वर्गात दुसरं नाही.

२६ जानेवारी, सोमवार

सकाळी झेंडावंदन, नंतर नकाशा. अर्धं गाव लोटलं. लोक नकाशाशी असे भिडलेले मी कधी पाहिले नव्हते. एरवी भारताचा नकाशा दाखवला की चार माणसं मान डोलावतात आणि बुंदी कुठे आहे ते बघतात. आज बुंदी तशीच राहिली. बायका घोळक्याने एकेका क्रमांकावर बोट ठेवत होत्या. एकजण 'क्र. ३. घरीच' वाचून इतकी हसली की तिला खाली बसवावं लागलं. दुसरी चौदावर बोट ठेवून म्हणाली, "पोहेवाला निघाला का हा." शोभाताई मॅडमनी माझं अभिनंदन केलं आणि या उपक्रमाचं परिपत्रक आपण काढू असं सुचवलं. परसरामजी नकाशासमोर बराच वेळ उभे होते. बुंदी न घेता गेले.

दुपारी बाराला मी फोटो आणि तीनशे शब्द पेपरला पाठवून दिले. संपादक म्हणाला, फोटो झकास आहे, सगळं वाचता येतं.

दोन वाजता घरी निघालो तो कुंताबाईंच्या दारावरून. चौकटीवर ग्रामपंचायतीने घरपट्टीसाठी निळ्या ऑइलपेंटने आकडा काढला आहे. १४.

शेजारच्या घरावर १५. समोर १३. गाडी वळवून शाळेत आलो. अंकुर टाचण्या मोजत होता.

"हे नंबर कुठून घेतले?"

"दारावरून, सर. आपण वेगळे टाकले असते तं लोकायचा गोंधळ झाला असता."

त्याने काम चोखच केलं होतं. पेपरला फोन केला. उद्या पेपर नाही, म्हणून परवाच्या अंकाचं पान आजच लावून गेलं होतं.

२८ जानेवारी, बुधवार

छापून आलं. तीन कॉलम फोटो. जिल्ह्याची चौकट बरोबर मध्यभागी आली आहे आणि अंकुरचं अक्षर खरंच सुरेख आहे.

बाबांनी पेपर वाचला, मुलाच्या उपक्रमाचं कौतुक दुकानात दोघांना ऐकवलं. त्यांना त्यातलं काहीच कळलं नाही, चौदा हा त्यांच्यासाठी चौदाच होता. साडेअकराला चिचटोल्याची एक बाई परकराचं कापड घ्यायला आली.

"यादोरावजी, बरं झालं बापा," ती म्हणाली. "पुणे म्हणजे का, पोरगी वर्सातून एकदा दिसते. आता का, पोह्याच्या टायमाले जा, पोरीले भेटा अन् खाऊनच या."

बाबांनी विचारलं, कोणाचे पोहे. तिने सविस्तर सांगितलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा बाबांनी कापड तिरपं फाडलं.

दुपारी शटर ओढून घरी आले आणि खुर्चीत बसले. आईने तीनदा विचारलं तेव्हा म्हणाले, "जावई पोहे विकते."

आई म्हणाली, "कांदेपोहे?"

"तर्रीपोहे," टीना म्हणाली.

तिला कसं कळलं हे विचारायचं गडबडीत राहून गेलं. बाबा माझ्याकडे पाहत होते. "तुले माहीत होतं?"

"सोळा तारखेपासून."

"अन् तू मले न सांगता पेपरले सांगतलं."

क्रमांकांचा घोळ समजावून सांगायचा प्रयत्न केला. स्वतः ऐकतानाही पटत नव्हता. टीना पेपर घेऊन उठली. धक्का बसला असणार. आतल्या खोलीत जाऊन ती हळू आवाजात कोणाशी तरी फोनवर बोलत होती, मैत्रीण असेल.

३० जानेवारी, शुक्रवार

शाळेत सात आया आल्या. दोघींच्या मुलांची बोलणी थांबली. शोभाताई मॅडमनी मला बोलावून सांगितलं की या उपक्रमाचं परिपत्रक नव्हतं हे त्या पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या, नकाशा आज उतरवा, आणि मार्चपासून तुमचे तास कोणाकडे द्यायचे ते बघू.

वर्गात जाऊन मी टाचण्या काढू लागलो. रंजिताने विचारलं, "सर, आपलं खोटं निघालं का?"

"नाही."

"मंग उतरवाचं काहून?"

मी काहीतरी बोललो. कोणाचं भलं, कोणाचं नुकसान, माहिती आणि जबाबदारी. चांगलं बोललो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गावातून जाणारे सगळे लावले आपण. गावात येणारे कुठी लावले? तुम्ही बी तं रोज येता."

एकतीस तोंडं माझ्याकडे. मी हिरवा दोरा घेतला, लाखनी ते चिचटोला बांधला. चिठ्ठीवर 'भूगोल शिक्षक' लिहिलं. थांबलो. मग पुढे 'तासिका तत्त्वावर' लिहिलं.

"तासिका म्हणजे का, सर?" अंकुरने विचारलं.

समजावून सांगितलं. परमनंट नाही, जून ते एप्रिल, तेही मॅडमनी ठेवलं तर.

"म्हणजे हंगामी स्थलांतर," तो म्हणाला.

वर्षभरात त्याने दिलेलं हे सगळ्यात अचूक उत्तर. नकाशा उतरवला नाही. मॅडमना सांगितलं, काम अपुरं आहे, येणाऱ्यांचे दोरे राहिलेत. त्यांचा स्वतःचा साकोलीहून यायचा आहे. त्या हजेरी बघायला निघून गेल्या.

घरी बाबांनी कागद समोर ठेवला. पेपरला खुलासा द्यायचा: नकाशातील क्र. १४ ची माहिती चुकीची असून सदर युवक पुण्यातच आहे. "तू लिहिलं, तूच पुस," म्हणाले. "मंग साक्षगंध होते. नाई तं मी परसरामले नकार कळवतो. टीना, तुले का वाटते?"

"भाऊले लिहू द्या," ती म्हणाली. "जे खरं असंल ते."

बाबांना ते होकारासारखं वाटलं. मलाही.

१ फेब्रुवारी, रविवार

खुलासा लिहायला बसलो. चार वेळा लिहिला, चारही वेळा 'पुण्यातच' या शब्दापाशी पेन अडलं. नऊ वर्षांत मी बऱ्याच पुढाऱ्यांचे खोटे खुलासे छापले आहेत, पण ते त्यांच्या सहीचे होते.

शेवटी ठरवलं, टीनालाच सगळं सांगावं आणि तिनेच ठरवावं. ती कोर्सला निघाली होती. म्हटलं, भंडाऱ्यापर्यंत सोडतो, वाटेत बोलू. ती म्हणाली, नको. मी गाडी काढलीच. भंडारा आलं, कोर्सचा क्लास कुठे आहे विचारलं, तर ती मागून म्हणाली, "सरळ चाल."

"किती सरळ?"

"जवाहरनगर."

गाडी बाजूला घेतली. टीना उतरून समोर उभी राहिली.

"पाहाले आला त्याच दिवशी सांगतलं त्यानं मले," ती म्हणाली. "तुम्ही सगळे आतमधी च्या आणाले गेले, अन् त्यानं पयलं वाक्य हेच बोललं. मी पुण्यात नाई, ठेला आहे, नाई म्हणाचं असंल तं आताच म्हण. मी म्हणलं, चालते का ठेला? तं म्हणे, मसाला जमून नाई राहिला."

"आणि तू?"

"मी म्हणलं, मसाला मी पाहते."

फॅक्टरीला रविवारी सुट्टी असते, म्हणून रविवार हा आठवड्याचा मसाला भाजायचा आणि कुटायचा दिवस. कॉम्प्युटरचा कोर्स असा नव्हताच. पुणे तसंच ठेवायचं हेही तिनेच ठरवलं होतं. लग्नानंतर बाबांना सांगू, तोपर्यंत दुकानात त्यांना बोलायला काहीतरी हवं, म्हणाली. एवढं सगळं घरात चाललं होतं आणि घरातला वार्ताहर तेलुगू ऐकत बसला होता.

"मग सांगितलं का नाहीस, मी एवढा..."

"तुले बी पाहत होती ना मी. सोळा तारखेपासून पडेल तोंड घेऊन फिरत होता, पण मले येऊन सांगत नव्हता. म्हणलं, पाहू किती दिवस दम धरते."

प्रितम ठेल्यामागे खलबत्ता घेऊन बसला होता. मला पाहून उभा राहिला, पुण्याचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि टीनाने हातानेच थांबवलं. त्याने मला स्टूल दिलं. तासभर बसलो. उद्याच्या तर्रीचे, म्हणजे पोह्यांवर ओतायच्या झणझणीत रश्श्याचे, चणे भिजत घालायचे किती, यावर दोघांचं भांडण झालं. टीना जिंकली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

खुलासा पाठवला: नकाशातील क्र. १४ ची माहिती तपासली असता ती बरोबर आढळली. संपादकाचा फोन आला, म्हणाला, बातमी बरोबर आहे असा खुलासा नसतो, जागा नाही. त्यामुळे छापून येणार नाही. पण प्रत बाबांना दिली.

त्याच वेळी परसरामजी आले. हिरव्या दोऱ्याची बातमी त्यांना पोचली होती. "तुम्ही तं दोन्हीकडचं गणित बिघडवलं, सर. त्यायचा पुण्याचा नाई, तुमचा परमनंटचा नाई. मी आता दोघायले का सांगू?"

आई आतून म्हणाली, "दोघायले सारखंच सांगा. फिटंफाट."

बाबा हसले नाहीत. टीना त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि डिसेंबरपासूनचं सगळं सांगितलं, रविवारांसकट. बाबांनी मध्ये एकदाच विचारलं, "मसाला तू करते?"

"हो."

"अन् लोकं खातात?"

"साडेसहाले सुरू होते, साडेआठले गंज खाली."

परसरामजींनी विचारलं, मग आठ तारखेचं काय कळवू? बाबा म्हणाले, "उद्या सांगतो." परसरामजी गेल्यावर त्यांनी खुलाशाचा कागद घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि दुकानात गेले.

संध्याकाळी पाचला परत आले आणि आल्या आल्या आईला सांगितलं की उद्या पहाटे पावणेपाचच्या बसने भंडाऱ्याला ठोक माल बघायला जायचं आहे, लग्नसराई तोंडावर आली. ठोक दुकानं अकराला उघडतात. आई त्यांचा स्वेटर शोधते आहे आणि काही विचारत नाही.

टीनाने आत्ताच प्रितमला फोन केला. मी पलीकडेच बसलो आहे, म्हणून दोन्ही वाक्यं ऐकली. बाबा आले तं ओळख दाखवू नको, लाइनीत उभे राहिले तं लाइनीतच राहू दे, म्हणाली. आणि तिखट सोसत नाही त्यांना, पण तसं कोणी म्हटलेलं चालत नाही, म्हणून तर्री कमी टाकू की जास्त हे त्यांनाच विचार.